आमच्या शेतातली येळवस आमच्याच लेकीला दिसू द्या

मराठी मनोरंजन वाहिन्या आणि त्यांच्या ऑनलाइन सेवा चालवणाऱ्या सर्व व्यवस्थापकांना,

सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यात राहते. 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीत, श्टुटगार्टला गेले होते. व्हिसा 90 दिवसांचा होता. तुमचा जो कार्यक्रम इथे फुकट दिसतो तो तिकडे उघडतच नाही, म्हणून तिथून परत आल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. आधी तुमच्यापैकी एका कंपनीला तीन ईमेल पाठवले. तिन्ही वेळा ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ एवढं छापील उत्तर आलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

काही वर्षांपूर्वी प्रवास आणि खाण्याच्या एका कार्यक्रमाची माणसं आमच्या शेतात चित्रीकरणाला आली होती. येळवस होती. लातूर-धाराशिवबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आमच्याकडे गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत दगडांचे पाच पांडव मांडून पूजा करायची आणि मग सगळ्या शिवारानं एकमेकांना जेवायला बोलवायचं. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेली आंबील, उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे गोळे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, जे शेतात असेल ते एकत्र शिजवायचं आणि चिंचेच्या कोळात कालवलेलं बेसन लावायचं.

त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, कॅमेऱ्यासमोर बसून उंडे वळले. आधी लाजल्या, डोक्यावरचा पदर तीनदा सारखा केला. मग कॅमेऱ्यावाल्या पोरालाच म्हणाल्या, ‘‘आरं, तू बी खा की, नुसतं काय बघालास!’’ तो भाग दाखवला गेला, गावानं बघितला. पुढच्या दोन वर्षांत आत्याबाई गेल्या. त्यांचे फोटो आहेत आमच्याकडे, लग्नातले, आधार कार्डावरचा. पण त्या चालताहेत, बोलताहेत, हसताहेत, असं फक्त तुमच्याकडे आहे.

इथे तो भाग तुमच्या ॲपवर फुकट दिसतो. मध्ये जाहिराती येतात, त्या आम्ही बघतो. मी तो कितीतरी वेळा लावलाय.

श्टुटगार्टला येळवस आली तेव्हा नातू सोळा दिवसांचा होता. बाहेर बर्फ. एशियन दुकानातून बेसन आणि चिंच आणली, गोठवलेला वाटाणा घेतला, सोले कुठले मिळायला! तरी भज्जी केली. लेक म्हणाली, ‘‘आई, जेवायच्या आधी आज्जीचं लाव की. याला बी दिसू दे.’’ जावयांनी टीव्हीवर ॲप उघडून दिलं. भाग सापडला. चित्रात आत्याबाईंचे हात होते, हिरव्या बांगड्या, तळहातावर उंडा. मी बटण दाबलं. गोल चाक फिरत राहिलं, मग काळ्या पडद्यावर एक ओळ आली की हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. मागे गेलं की हात दिसायचे, बटण दाबलं की काळं व्हायचं. चार-पाच वेळा करून पाहिलं. लेक ओली बाळंतीण, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भज्जी निवून गेली.

त्यानंतर मी शोधायला लागले. बाळ रात्री दोनला उठायचं. तिकडे दोन म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. बाळाला मांडीवर घेऊन मी फोनवर मराठी प्रवासाचे, स्वयंपाकाचे कार्यक्रम धुंडाळायची. काय सापडलं आणि काय नाही, ते मुद्दाम लिहिते. तुमचे प्रेक्षक तिकडे काय हाल काढतात ते तुम्हाला कळावं, आणि ज्यांची लेकरं बाहेर आहेत त्यांनाही उपयोग व्हावा.

जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची एनएचके वर्ल्ड ही सेवा इंग्रजीत आहे. तिच्यावर जपानमधली गावं, रेल्वेचे प्रवास, घरगुती डबे, नूडल्स करणारी म्हातारी माणसं, सगळं फुकट. मला जर्मनीत दिसलं, इथे निलंग्यातही दिसतं. जर्मनीची डॉइचे वेले जगासाठीच चालवली जाते, तिचे माहितीपट आणि खाण्यावरचे भाग यूट्यूबवर उघडे आहेत. फ्रान्स आणि जर्मनी मिळून आर्टे नावाची वाहिनी चालवतात, तिचे पुष्कळ माहितीपट इंग्रजी आणि स्पॅनिश उपशीर्षकांसह ऑनलाइन आहेत. जर्मनीत प्रत्येक घराला सार्वजनिक प्रसारणासाठी महिन्याला 18.36 युरो भरावे लागतात, लेकही भरते. त्यांच्याही संग्रहातले काही कार्यक्रम देशाबाहेर बंद असतात, हे मला माहीत आहे. पण जे बंद आहे ते बंद आहे असं आधी लिहिलेलं असतं.

मराठीत काय? आपल्या खेड्यांतल्या बायका आणि पोरं स्वतःच्या फोनवर चुलीपुढचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकतात, ते जगात कुठेही दिसतं. त्यांच्या जिवावर माझे ते तीन महिने निघाले. ज्यांच्याकडे मोठे कॅमेरे, गाड्या आणि वर्षानुवर्षांचा साठा आहे, त्या तुमच्याकडचं मात्र कुलपात होतं. दोन-तीन मिनिटांचे तुकडे दिसायचे. फोडणी पडली की तुकडा संपायचा आणि खाली ‘पूर्ण भाग आमच्या ॲपवर पाहा’ असं यायचं. ॲपवर गेलं की तीच काळी ओळ.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, इथे फुकट असलेलं तिथे पूर्ण बंद आहे, पैसे देऊनही नाही. जावई म्हणाले, ‘‘आई, विकत घेऊन टाकू.’’ परदेशातली योजना घ्यायला गेलो तर त्यात मालिका आणि सिनेमे होते, हा कार्यक्रम नव्हताच. म्हणजे फुकट्या लोकांना तुम्ही अडवताय असंही नाही. विकायलाच ठेवलेलं नाही.

दुसरी तक्रार ओटीपीची. ॲपमध्ये शिरायला भारतातला मोबाइल नंबर लागतो. लेकीचा इथला नंबर रिचार्ज न केल्यामुळे कधीच गेला. माझा होता, पण त्याच्यावर संदेश यायला रोमिंग चालू ठेवावं लागलं. दर वेळी ॲप मला बाहेर काढायचं आणि पुन्हा आकडे मागायचं. ईमेलवर आकडे पाठवायला काय अडचण आहे?

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त लागली. तुम्ही दार लावलं की माणसं खिडकीतून शिरतात. तुमचेच भाग कुणीतरी चोरून चढवलेले मला दिसले. पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं केलेलं, आवाज पळवलेला, कडेनं सट्ट्याच्या जाहिराती. त्यातल्या एका पानावर बटण दाबलं तर फोनमध्ये काहीतरी उतरवायला लागलं, जावयांनी धावत येऊन बंद केलं. दुसरा मार्ग व्हीपीएनचा. आपण भारतातूनच बघतोय असं त्यातून तुमच्या यंत्रणेला भासवायचं. तिकडच्या मराठी घरांत हा उपाय सर्रास सांगतात. फुकटचं व्हीपीएन माणसाची माहिती कुठे विकेल याचा भरवसा नाही, आणि तुमच्या अटींतही ते बसत नाही. मी शाळेत पोरांना 31 वर्षं कॉपी करू नका म्हणून सांगितलं. सासूचा चेहरा बघायला मी खोटा पत्ता दाखवणार नाही. जावयांना तसं सांगितलं, ते काही बोलले नाहीत.

चौथी गोष्ट शोधण्याची. तुमच्या भागांची नावं म्हणजे ‘खमंग बेत, भाग अमुक’. कुठलं गाव, कुठला पदार्थ, काही नाही. ‘येळवस’ लिहिलं तर सापडत नाही, ‘उंडे’ लिहिलं तर सापडत नाही. मी तो भाग ओळखला तो चित्रातल्या बांगड्यांवरून. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो आनंद आपण सगळ्यांनी केला. कोप, सोले, उंडे, येसर (आमटीत घालायचं भाजक्या धान्य-मसाल्याचं पीठ) हे शब्द त्याच भाषेतले आहेत. श्टुटगार्टला वाढणाऱ्या पोराच्या कानावर ते पडणार कुठून? माझ्या तोंडून पडतील, पण मी वर्षातले 90 दिवस.

आणि पाचवी तक्रार परदेशाची नाही, इथलीच आहे. तिकडे बाळंतिणीला घरी येऊन बघणारी सुईण असते, हेबामे म्हणतात. आमच्याकडे येणारी बाई फार मायेची. एकदा तिनं विचारलं, तुम्ही कुठल्या, तुमचं गाव कसं आहे, हा काय वास येतोय? येसर आमटी उकळत होती. मी म्हटलं, थांबा, दाखवते. आणि दाखवायला काही मिळेना! मुंबईचा वडापाव होता, कोकणातले मासे होते, कोल्हापूरचा रस्सा होता. मराठवाडा म्हणून जे निघालं ते वेरूळ-अजिंठा. त्याचा मला अभिमानच आहे. 1983 पासून ती दोन्ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत, कैलास लेणं बघून कुणीही गप्प होईल. पण तुमची गाडी तिथून मागे वळते.

तेरला या, जुन्या काळी पश्चिमेकडे तगर नावानं व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं गाव, त्याच्या संग्रहालयात उभे राहा. नळदुर्गच्या पाणीमहालात पावसाळ्यात या, किल्ल्याच्या आत धरण आणि धरणाच्या पोटात महाल आहे. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, त्यांनी कापडावर ग्रंथ लिहिला आहे. आमच्या जवळ खरोशाची लेणी आहेत, तिथे गेलात तर बहुतेक वेळा तुम्ही आणि वारा एवढेच असाल. आणि खायला? आमचं खाणं म्हणजे नुसतं तिखट, असं तुमचे निवेदक ठरवूनच येतात. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खा. दह्याबरोबर धपाटे खा. निलंगा राईस आमच्या गावच्या नावानं विकला जातो, त्याची चव बघा. औशाकडून तुळजापूरला जाताना उजनीला थांबून बासुंदी घ्या. संभाजीनगरचा नान-खलिया आहे, पौष-माघात शेतातला हुरडा आहे. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिन्ही गावं एकट्या लातूर जिल्ह्यातली. एका वरणाची डाळ, आंबट आणि वरची कोथिंबीर मानांकनाची, हे एवढं जवळ दुसरीकडे कुठे सापडेल ते मला सांगा.

तुमच्या अडचणी मी समजून घेतल्या आहेत. जावई याच क्षेत्रातले, त्यांनी समजावून दिलं. आपण इंटरनेटवर आलो की आपल्या आयपी पत्त्यावरून आपण कुठल्या देशात आहोत ते तुमच्या यंत्रणेला कळतं आणि त्याप्रमाणे दार उघडतं किंवा बंद होतं. प्रक्षेपणाचे हक्क देशवार विकले जातात. क्रिकेटचा सामना तुम्ही फक्त भारतासाठी घेतला असेल तर बाहेर दाखवता येणार नाही. सिनेमाचं तसंच. वाहिनी बाहेरच्या वितरकाला विकली असेल तर त्याचाही करार आड येतो. मागे वाजणाऱ्या गाण्याचे हक्क नसतील तर तेही. भारतातल्या साबणाची जाहिरात श्टुटगार्टला दाखवून जाहिरातदाराला काही मिळत नाही. हे सगळं मला पटतं.

पण आत्याबाईंचे उंडे कुणाच्या हक्कात आहेत? कार्यक्रम तुमचा, निवेदक तुमचा, कॅमेरा तुमचा, शेत आमचं. मागे गाणं नव्हतं, टिटवी ओरडत होती आणि चुलीत काटक्या तडतडत होत्या. यूट्यूबवर टाकलंत तर ज्या देशात प्रेक्षक आहे त्या देशातल्या जाहिराती आपोआप लागतात. आमच्या गावच्या पोरांना त्याचे पैसे मिळतात, तुम्हालाही मिळतील. युरोपातल्या देशांनी 1 एप्रिल 2018 पासून एक नियम लागू केला. एका देशात पैसे भरून घेतलेली सेवा माणूस युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात थोड्या दिवसांसाठी गेला तरी त्याला घरच्यासारखीच दिसली पाहिजे. मी तर फक्त 90 दिवसांसाठी गेले होते. माझं ॲप, माझा नंबर, माझी नोंदणी, सगळं इथलंच होतं.

परत आले तेव्हा मुंबईच्या विमानतळावर बॅगा यायच्या आधी मी ॲप उघडलं. लगेच लागलं. घरी आल्यावर आम्ही एक उपाय केला. ह्यांच्या फोनवर तो भाग लावला आणि माझ्या फोनवरून लेकीला व्हिडिओ कॉल करून माझा फोन त्याच्यासमोर धरला. आवाज घुमत होता, चित्र हलत होतं, माझा हात भरून आला. लेक तिकडून म्हणत होती, ‘‘आई, जरा सरळ धर, आज्जीचं तोंड कापलं जायलंय.’’ बावीस मिनिटं मी हात धरून उभी होते. तेवढ्यात दोनदा जाहिरात आली, तीही लेकीनं बघितली.

माझ्या मागण्या अशा आहेत.

तुम्ही स्वतः बनवलेले प्रवासाचे आणि स्वयंपाकाचे मराठी कार्यक्रम जगभर, जाहिरातींसह, फुकट उघडे करा. नवे भाग लगेच देता येत नसतील तर दाखवल्यानंतर वर्षभराने द्या, पण जुना साठा तरी आता मोकळा करा. ज्या भागात गाण्याच्या हक्कांची अडचण असेल तिथे तेवढं गाणं काढा, भाग ठेवा. यापुढे चित्रीकरण कराल तेव्हा संगीताचे हक्क सगळ्या जगासाठी घ्या.

जे उघडता येणारच नाही, त्याच्या चित्रावरच तसं स्पष्ट लिहा. कुणाच्या मेलेल्या माणसाचे हात दाखवून मग काळा पडदा दाखवू नका.

नोंदणी ईमेलनेही होऊ द्या.

प्रत्येक भागाखाली गाव, तालुका, पदार्थ आणि स्थानिक शब्द लिहा. मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकं द्या, म्हणजे तिकडच्या सुना-जावयांना आणि शेजाऱ्यांनाही कळेल. हे काम मोठं आहे असं म्हणाल तर आमच्याकडे निवृत्त शिक्षक भरपूर आहेत, यादी करून द्यायला मी स्वतः बसेन, पैसे नकोत.

ज्यांच्या घरात, शेतात, देवळात तुम्ही चित्रीकरण करता, त्यांना त्या भागाची एक प्रत द्या. आमच्याकडून सही घेतलीत, जेवून गेलात, आम्हाला आनंदच झाला. प्रत मात्र दिली नाहीत.

आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत या. जालना, परभणी आणि हिंगोलीलाही या, तिथे तर कुणीच जात नाही.

एवढं सगळं एकदम होणार नाही, हे कळतं. त्या एका भागाचं नाव आणि क्रमांक संबंधित कंपनीला मी चौथ्यांदा स्वतंत्र कळवला आहे. पुढच्या येळवशीला नातू वर्षाचा झालेला असेल. त्या दिवशी शेतातून परत आल्यावर, संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे दुपारी अडीचला, आम्ही इथे आणि लेक तिथे एकाच वेळी तो भाग लावणार आहोत. तोवर तेवढा तरी उघडा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. निलंगा, जि. लातूर